खताचा खड्डा आणि दोरखंडाची पेटी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे.)



 

मी काही वक्ता नाही. गिरणीत काम करणारा माणूस. शाळा अर्धवट सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते रात्रपाळीच्या सुट्टीत आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. समितीने मला 'धम्म आणि समाजकार्य' असा विषय दिला होता. मी म्हणालो, मोठ्या विषयावर मोठी माणसे बोलतील, मला विहाराच्या मागे असलेल्या दोन वस्तूंवर बोलू द्या. एक, खताचा खड्डा. दुसरी, शेजारच्या खोलीतली दोरखंडाची लोखंडी पेटी.

या दोन वस्तूंचे काय करायचे हे समितीच्या येत्या बैठकीत ठरणार आहे. खड्डा बुजवून फरशी टाकावी आणि त्या खोलीत मंडपाचे सामान ठेवावे अशी सूचना आली आहे. सूचना करणारे आपलेच बांधव आहेत, त्यांचा हेतू वाईट नाही. जागा कमी आहे, कार्यक्रम वाढले आहेत, हे मलाही दिसते. तेव्हा मी भांडायला उभा नाही. बैठकीच्या आधी सगळ्यांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात एवढ्यासाठी उभा आहे.

पहिल्यांदा पेटीची गोष्ट सांगतो.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुमच्यापैकी कोणी विसरला असेल असे मला वाटत नाही. मी दुसरी पाळी करून घरी येत होतो. सातारा रस्त्यावर पद्मावतीच्या अलीकडे माणसे थांबवत होती, "काका, पुढं जाऊ नका." पुढे रस्ता नव्हताच, नुसते पाणी धावत होते. पाण्यात मोटारसायकली काड्यापेटीसारख्या गरगरत चालल्या होत्या. आंबील ओढा कात्रजच्या तलावाकडून निघतो आणि पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. कात्रजचा तलाव पेशव्यांनी बांधला, त्याचे पाणी नळाने शहरात नेले, एवढा जुना हा पाण्याचा मार्ग. एरवी त्या ओढ्याकडे आपण नाक दाबून बघायचो. त्या रात्री त्याने आपली जागा परत मागितली. पुणे शहर आणि आसपासच्या भागात वीसहून अधिक माणसे गेली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून झोपडीतली माणसे गेली. ती कोणाची माणसे होती? आपल्यासारखीच, हातावर पोट असलेली.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाने भाकऱ्या आणि पिठलं करून दिलं, आपण दहा-बारा जण ते घेऊन खाली गेलो. भाकरी वाटली, चिखल काढला, भिजलेल्या गाद्या ओढून बाहेर टाकल्या. सगळे म्हणाले, विहाराच्या लोकांनी चांगले काम केले. पण तिथे एक बाई भिंतीला टेकून बसली होती. तिला मी भाकरी दिली तर ती म्हणाली, "भाऊ, भाकरी आज आणली. रात्री एक दोरी आणली असती तर बरं झालं असतं."

तिने मला टोचून बोलायचे म्हणून म्हटले नव्हते. आपण रात्री तिथे जाऊ शकलो नसतो, हेही खरे. पण मी घरी येताना विचार केला की, समजा हेच आपल्या गल्लीत झाले असते, तर आपल्याकडे तरी दोरी होती का? विहारात सतरंज्या होत्या, दोन ढोल होते, माईक होता. दोरी नव्हती.

आपल्याकडे म्हण आहे, तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. म्हण सगळ्यांना पाठ आहे. पण पुण्याने ती १९६१ सालीही ऐकली नव्हती. त्या वर्षी १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माझा तेव्हा जन्मही नव्हता, पण जुनी माणसे सांगायची ते ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. लष्कराच्या जवानांनी आदल्या रात्री पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचली होती. त्यामुळे धरण काही तास जास्त टिकले. पाणी रात्री झोपेत न येता दिवसाउजेडी आले आणि कितीतरी जीव वाचले. वाळूचे पोते, बघा! त्याची किंमत काय? पण ते योग्य वेळी, योग्य जागी, योग्य हातात होते. आणि दुसरीकडे, लाखो लोकांच्या शहराला वेळेवर नीट सूचना मिळाली नाही. धोक्याची माहिती आहे, पण ती शेवटच्या घरापर्यंत पोचत नाही, हा रोग जुना आहे.

आता तुम्ही म्हणाल, पेटी घेतली ना, दोर आणला ना, मग झाले. नाही झाले. त्यासाठी मी माझ्या गिरणीतली एक गोष्ट सांगतो.

आमच्याकडे ब्लोरूम म्हणून खाते असते. तिथे कापसाचे गठ्ठे फोडतात, कापूस मोकळा करतात. कापसात एखादा खिळा, तारेचा तुकडा राहिला की यंत्राच्या दात्यांवर घासून ठिणगी पडते आणि कापूस पेट घेतो. म्हणून भिंतीला लाल बादल्या टांगलेल्या असतात, वाळू भरलेल्या. फार वर्षांपूर्वी मी ज्या गिरणीत होतो तिथेही अशा बादल्या होत्या. रोज त्यांच्यासमोरून आम्ही जायचो. कोणी त्यात विडी विझवायचा, कोणी तंबाखू थुंकायचा. पावसाचे पाणी गळून त्यातली वाळू दगडासारखी झाली होती. एक दिवस आग लागली. मी पहिली बादली काढून उपडी केली तर वाळू पडेचना. नुसतीच बादली हलवत राहिलो. शेवटी ओली पोती टाकून आग विझली, कोणाचा जीव गेला नाही, पण माझ्या सोबत्याचा हात भाजला. तेव्हा मला कळले की भिंतीवर बादली असणे म्हणजे तयारी नव्हे. त्या बादलीला रोज हात लागत होता का, हा प्रश्न आहे.

आपल्या पेटीचे तेच. २०१९ नंतर आपण वर्गणी काढून पेटी भरली. जाड दोर, तीन विजेऱ्या, शिट्ट्या, प्रथमोपचाराचे सामान, कुदळ, पहार, रिकामी पोती, स्ट्रेचरसाठी दोन बांबू आणि जाड सतरंजी. पहिल्या वर्षी फार उत्साह होता. दुसऱ्या वर्षी पेटी उघडली तर विजेऱ्यांचे सेल फुटून गंजले होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे शोधायला अर्धा तास गेला. म्हणजे गिरणीतली बादलीच आपण विहारात आणून ठेवली होती!

पेटीला रोज हात लागावा म्हणून आपण काय केले? कवायत ठेवली, चार जण आले. सभा घेतली, सहा जण आले. शेवटी पेटी जिवंत ठेवली ती दुसऱ्याच गोष्टीने. ती गोष्ट म्हणजे मागचा खताचा खड्डा. म्हणून मी म्हणतो, या दोन वस्तू वेगळ्या नाहीत.

खड्डा कसा सुरू झाला ते जुन्यांना माहीत आहे. कचऱ्याची गाडी वेळेवर येत नाही, आपल्या गल्ल्या अरुंद, कोपऱ्यावर ढीग साचतो, कुत्री ओढतात, पहिल्या पावसात तो सगळा माल गटारात जातो. गटार तुंबले की पाणी घरात. २०१९ चा पूर फक्त कचऱ्याने आला असे मी म्हणत नाही. ओढा दोन्ही बाजूंनी आवळला, काठावर बांधकामे झाली, भराव पडले, पाऊसही तसाच कोसळला. पण पूर ओसरल्यावर पुलांच्या मोऱ्यांत काय अडकले होते ते आपण डोळ्यांनी पाहिले. पिशव्या, थर्मोकोल, गाद्या, चिंध्या. आपण उतारावर राहतो. अप्परला टाकलेली पिशवी अप्परला राहत नाही. ती खालच्या कोणाच्या तरी दारात जाते.

तेव्हा महिला मंडळातल्या काही भगिनी म्हणाल्या, निदान ओला कचरा तरी आपण इथेच जिरवू. शहराच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला असतो. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, शिळे अन्न. तोच सडतो, तोच वास मारतो, तोच सुक्या कचऱ्याला खराब करतो. तो वेगळा काढला की उरलेला कागद, प्लास्टिक, काच विकण्याजोगी राहते.

पण एका रविवारी वंदना झाल्यावर एक ज्येष्ठ उपासक उठले. त्यांचे नाव मी घेत नाही, ते आज आपल्यात नाहीत. रागाने त्यांचा आवाज कापत होता. ते मला म्हणाले, "काय रे, बाबासाहेबांनी आपल्याला काय सांगितलं? मेलेली ढोरं ओढू नका, घाण उपसू नका, गावाची ही कामं सोडा. माझ्या बापानं ती पाटी टाकली म्हणून मी शिकलो. आणि तू आमच्या नातवंडांच्या हातात, तेही बुद्धाच्या दारात, परत कचऱ्याची पाटी देतोस?"

सभागृह एकदम शांत झाले. मला उत्तर सुचले नाही. खरे सांगतो, मी त्या रात्री झोपलो नाही, कारण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी घेतले, त्याच काळात त्यांनी आपल्या माणसांना मृत जनावरे ओढणे, मेलेले मांस खाणे सोडायला सांगितले. स्वाभिमानाची सुरुवात तिथून झाली. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध या देशात १९९३ मध्ये कायदा झाला, पुन्हा २०१३ मध्ये कायदा झाला, तरी गटारात उतरून माणसे मरतातच. आणि मरतात ती कोणत्या समाजाची, हे मी सांगायला नको. अशा समाजाने कचऱ्याला हात लावावा का, हा प्रश्न साधा नाही.

मी आठ दिवसांनी त्या बाबांच्या घरी गेलो. म्हणालो, बाबा, तुमचे बरोबर आहे, पण मला एक सांगा. आपण घरातली भाजीची देठे, खरकटे, सगळे एका पिशवीत बांधून बाहेर ठेवतो. ती पिशवी सकाळी कोण उघडते? पुण्यात दारोदार कचरा घेणाऱ्या बहुतेक बाया आपल्याच समाजाच्या, नाहीतर मातंग समाजाच्या. १९९३ साली त्यांची कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांच्यासारखी माणसे त्यांच्या पाठीशी राहिली. २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. त्या बाया आता ओळखपत्र लावून, मान वर करून काम मागतात. त्यांनी लोकांना हात जोडून काय सांगितले? कचरा वेगळा करून द्या. पाळीचे कपडे, डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यात जाणार नाही. एवढीच मागणी! आणि आपण, बुद्धाला शरण गेलेली माणसे, फुटकी काच आणि खरकटे एकत्र बांधून त्यांच्या हातात देतो.

आणि त्यांच्या हातून ती पिशवी पुढे कुठे जाते? अनेक वर्षे पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडला. तिथल्या विहिरींचे पाणी खराब झाले. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या ढिगाला आग लागली, लोकांनी गाड्या रोखल्या आणि कचरा शहरात साचून राहिला. तेव्हा पुणेकरांना कळले की आपला कचरा 'बाहेर' जात नाही, तो दुसऱ्याच्या दारात जातो. आपल्या आजोबांना गाव हेच करत होते ना? गावाची घाण गावाबाहेर, म्हणजे आपल्या वस्तीकडे. आज आपण तेच उरुळीच्या शेतकऱ्याला करतो.

मी म्हणालो, बाबा, दुसऱ्याची घाण जबरदस्तीने वाहणे ही गुलामी. ती आपण टाकली आणि पुन्हा उचलायची नाही. पण स्वतःची घाण स्वतः जिरवणे म्हणजे आपल्यासाठी दुसरा कोणी गुलाम होऊ न देणे. या दोन्हीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्या खड्ड्याचा नियम म्हणूनच पहिल्या दिवसापासून एक आहे: ज्याच्या घरातला ओला कचरा, त्याने तो चाळून, स्वतःच्या हाताने बादलीत द्यायचा. ज्याची पाळी असेल त्याने फावडे धरायचे, मग तो पदवीधर असो, नोकरदार असो, समितीचा अध्यक्ष असो. पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायचे नाही.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अध्यक्ष फावडं धरतो का?" मी म्हणालो, मंगळवारी धरतात. तेव्हा ते हसले. पुढच्या मंगळवारी ते काठी टेकत खड्ड्याजवळ येऊन उभे राहिले, अध्यक्ष खरोखर फावडे धरतात का ते बघायला!

आता खड्ड्याची दुसरी तक्रार, वासाची. ही तक्रार खरी आहे आणि त्यात चूक माझी आहे. बुद्धपौर्णिमेच्या खीरदानानंतर उरलेली खीर, भात, भाजी, सगळे मी एकाच वेळी खड्ड्यात ओतायला सांगितले. वर पाला टाकला नाही. तीन दिवसांत अळ्या झाल्या, वास सुटला, मागच्या घरांना दारे उघडता येईनात. त्या घरांची मी आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

पण चूक कशात झाली ते समजून घ्या, कारण त्यातच खताची विद्या आहे. ओल्या कचऱ्यातले जीवजंतू आपल्यासारखेच असतात. त्यांना अन्न हवे, पाणी हवे आणि हवा हवी. नुसते ओले टाकले की हवा कोंडते, आणि हवा कोंडली की कुजण्याचे सडणे होते. म्हणून ओल्याचा एक थर टाकला की त्यावर सुक्या पाल्याचा निदान तेवढाच थर टाकायचा. लाकडाचा भुसा चालतो. विरजण म्हणून जुने खत नाहीतर थोडे शेण किंवा आंबट ताक. ओल किती? मूठभर घेऊन दाबले तर बोटांना ओल लागावी, पण पाणी गळू नये. आठवड्यातून एकदा वर-खाली करायचे. ढीग बरोबर चालला असेल तर आतून इतका तापतो की हात ठेववत नाही. तो ताप चांगला, त्यात रोगजंतू आणि तणाचे बी मरते. वास आला तर समजायचे पाणी जास्त झाले, पाला घाला. मुंग्या लागल्या तर समजायचे कोरडे पडले, पाणी शिंपडा. हाडे, मटण, तेलकट रस्सा टाकायचा नाही, उंदीर येतात. दीड-दोन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते आणि त्याला पहिल्या पावसासारखा मातीचा वास येतो.

सुका पाला कुठून आणायचा, असे काही जण विचारतात. आपल्या अंगणातला बोधिवृक्ष दरवर्षी शिशिर संपता संपता सगळी पाने गाळतो. पूर्वी आपण ती जाळायचो. आता पोत्यांत भरून ठेवतो, वर्षभर पुरवून वापरतो. वंदनेची फुलेही खड्ड्यात जातात. फक्त मेणबत्तीचे मेण, अगरबत्तीची पुडकी आणि हाराचे दोरे काढून घ्यायचे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. खड्ड्याचा आणि पेटीचा संबंध काय?

खड्ड्यासाठी रोज सकाळी आपली मुले-मुली गल्लीगल्लीतून बादल्या गोळा करतात. रोज प्रत्येक दारात जातात. त्यामुळे त्यांना जे माहीत असते ते तुम्हा-आम्हाला, नगरसेवकाला, पोलिसालाही माहीत नसते. कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणती बहीण गरोदर आहे, कोणाचा माणूस रात्रपाळीला असतो, कोणाच्या दारासमोर गटाराचे झाकण तुटले आहे, कोणाच्या घरात गॅसची नळी चिरली आहे.

जुलै २०२४ आठवा. २४ आणि २५ तारखेला पुण्यात पावसाने कहर केला, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरले. आपल्या खालच्या गल्लीतही पहाटे पाणी भरले. त्या वेळी मी कामावर होतो, बहुतेक पुरुष कामावर किंवा झोपेत होते. पेटी उघडली ती बादली गोळा करणाऱ्या मुलीने. किल्ली तिच्याकडेच होती, कारण फावडीही त्याच खोलीत असतात. ती चार जणांना म्हणाली, शेवटच्या घरातल्या आजींनी दोन दिवस बादली बाहेर ठेवलेली नाही, आधी तिकडे चला. आजी तापाने अंथरुणावर होत्या, उठता येत नव्हते, पाणी खाटेच्या दोरीला लागले होते. बांबू आणि सतरंजीच्या स्ट्रेचरवर घालून त्यांना विहारात आणले, सकाळी दवाखान्यात नेले. आजी आज इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी मला सांगितले आहे की माझं नाव घेऊ नको, म्हणून घेत नाही.

हे यश कोणत्या सरकारी योजनेचे नाही. योजना चांगल्या आहेत. देशात २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, 'आपदा मित्र' म्हणून स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याची योजना आली. आपल्या तरुणांनी असे प्रशिक्षण जरूर घ्यावे. अग्निशामक दलाला १०१, रुग्णवाहिकेला १०८, कोणत्याही संकटात ११२, हे आकडे घरातल्या लहान पोरालाही पाठ हवेत. पण बंब निघून पोचेपर्यंत मधला जो वेळ असतो, तो शेजाऱ्याचाच असतो. आणि रोज भेटणाऱ्या शेजाऱ्यालाच त्या वेळात नेमके कुठे जायचे हे कळते.

तरुणांना एक सावधगिरी सांगतो. शौर्य दाखवायचे नाही. गुडघ्याएवढे जोराचे पाणी धडधाकट माणसाला पाडते. आधी दोर फेका, बांबू पुढे करा, स्वतः उडी मारू नका. कधीही एकट्याने जायचे नाही, जोडीने जायचे. पाण्यात उभे राहून विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. गॅसचा वास आला तर दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, पंख्याचे बटणसुद्धा दाबू नका. वाचवणारा बुडाला की वाचवायची माणसे दोन होतात.

धम्माच्या दृष्टीने हे कसे बसते, असे भन्तेजींनी मला मागे विचारले होते. मी अभ्यासक नाही, पण दोन गोष्टी मला आठवतात. थेरगाथेत सुनीत स्थविरांची कथा आहे. ते हीन मानलेल्या कुळातले, वाळलेली फुले, केरकचरा काढून पोट भरणारे. तथागतांना पाहून त्यांनी खांद्यावरचे ओझे खाली ठेवले आणि तथागतांनी त्यांना संघात घेतले. ओझे खाली ठेवायला लावणारा आपला धम्म आहे. तेव्हा आपले ओझे आपण दुसऱ्या सुनीताच्या खांद्यावर कसे ठेवायचे?

दुसरी गोष्ट आजारी भिक्खूची. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून आपल्या हाताने त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग भिक्खूंना समजावले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? पाणी आणणे, धुणे आणि उचलणे, खुद्द तथागतांनी हे हाताने केले. आपल्या पेटीत आणि खड्ड्यात तरी दुसरे काय आहे? आणि अखेरच्या उपदेशात त्यांनी अप्रमादाची आठवण दिली, म्हणजे गाफील राहू नका. सेल गंजलेली विजेरी म्हणजे प्रमाद. पाला न टाकता ओतलेली खीर म्हणजे माझा प्रमाद.

आता माझे मागणे सांगतो आणि थांबतो.

खड्डा बुजवू नका. वासाची खात्री मी देतो, पण एकट्याने नाही. विटांचा जाळीदार हौद बांधू, दोन कप्पे करू, म्हणजे एक भरला की दुसरा चालू. वर पत्र्याचे झाकण घालू. खीरदानाच्या दिवशीचे अन्न एकदम न टाकता आधी वाटून संपवू, उरेल ते थोडे थोडे, पाल्यासकट टाकू. मंडपाचे सामान ठेवायला माझ्या घराचा माळा मी देतो.

प्रत्येक गल्लीतून दोन नावे हवीत. त्यातले एक नाव बाईचे असलेच पाहिजे, कारण दिवसा आणि पाळीच्या वेळी घरात त्याच असतात. या दोघांनी बादल्याही बघायच्या आणि संकटात दारेही ठोठवायची. पेटीच्या दोन किल्ल्या, दोन घरांत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की पेटी सगळ्यांसमोर उघडायची, विजेरी लावून बघायची, दोर उलगडून पुन्हा गुंडाळायचा. दहा मिनिटांचे काम. आणि पावसाळ्याच्या आधी प्रत्येक घराने रेशनकार्ड, आधार, पोरांचे दाखले, जातीचा दाखला एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवायचे. कागद गेले की आपल्या माणसाची अर्धी जिंदगी जाते.

खाली दाराशी एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर गल्ल्यांची नावे मी लिहून ठेवली आहेत, पुढची जागा कोरी आहे. जाताना सही करा. ज्यांना खड्डा नको आहे त्यांनीही शेवटच्या पानावर आपले म्हणणे लिहा, ते बैठकीत वाचून दाखवीन. आणि ज्यांनी आज घरून ओल्या कचऱ्याची बादली आणली नसेल, त्यांनी ती उद्या सकाळी साडेसहाला दारात ठेवावी. उद्या फावडे धरायची पाळी माझी आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!